न पडलेली भिंत

मी आज जो काही आहे तो देवकी मौळे बाईंमुळे. सत्काराच्या भाषणात लोक असं वाक्य म्हणतात, तसं हे नाही. माझे वडील जव्हारच्या बाजारात हमाली करायचे. आईला सही येत नव्हती. डी.एड. करून मी कुंभीपाड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा शिकायचं ते सगळं शिकून झालं असं मला वाटत होतं. बी.ए. केलं ते बाईंनी फॉर्म आणून समोर ठेवला म्हणून. परीक्षेच्या दिवसांत माझे वर्गही त्याच सांभाळायच्या. मी पेपर देऊन परत आलो की पहिला प्रश्न ठरलेला असे, सगळं लिहिलंस ना, कोरं पान सोडलं नाहीस ना. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. तो कागद हातात आला तेव्हा मी आधी बाईंना दाखवला, मग आईला. आईला त्याचं वाईट वाटलं नाही. ती म्हणाली, जिनं केलं तिलाच आधी दाखवायला पाहिजे.

कुंभीपाडा मोखाड्यापासून लांब, जीप जिथं सोडते तिथून पुन्हा चढण. शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोन. बाई मुख्याध्यापिका आणि मी. बाई पोशेऱ्याच्या. अंगानं किरकोळ, लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचलेलं, पायात कॅनव्हासचे बूट, आणि उजव्या भुवईत एक जुना व्रण. लहानपणी वर्गात बसल्या असताना छपराचं कौल निसटून लागलं होतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "शाळेनं दिलेलं प्रशस्तिपत्र आहे हे. मिटत नाही."

त्यांच्या हातात कायम एक लाकडी रूळ असायचा. मी नवा होतो, मला वाटलं बाई मारकुट्या असणार. पण आमच्या शाळेत मार फक्त भिंतींना पडायचा. घंटा व्हायच्या आधी बाई दोन्ही खोल्यांना आतून बाहेरून फेरी मारायच्या आणि हातभर अंतरावर रूळ आपटत जायच्या. आवाज भरीव आला तर पुढं, पोकळ आला तर थांबायचं, तळहात लावायचा. मग हापशाचा ओटा, मग स्वयंपाकाच्या खोपीची वायर, मग तांदळाचं पोतं उघडून वास घ्यायचा. माझाही हात धरून त्यांनी भिंतीवर ठेवला होता पहिल्या दिवशी. म्हणाल्या, पुस्तक नंतर शिकव, आधी पोरं कुठं बसतात ते बघ.

कुठंही गेल्या तरी त्या आधी वर बघायच्या. लग्नाच्या मांडवात, तालुक्याच्या मीटिंगमध्ये, कुणाच्या ओसरीवर. मीटिंगला त्या कधीच पंख्याखाली बसल्या नाहीत. आमच्याकडे पोषण आहार शिजवणारी सगुणाबाई त्यांना म्हणायची, "बाई, तू वर बघत चालतेस, एक दिस खड्ड्यात जाशील." आणि रोज सकाळी तो रुळाचा आवाज सुरू झाला की चुलीपाशी बसूनच विचारायची, "काय म्हणतोय नवरा आज?" नवरा म्हणजे शाळेची भिंत. पाड्यावर सगळे बाईंना अरे-तुरेच करत. तिथल्या बोलीत मोठ्याला वेगळं बोलायची रीतच नाही. मी जव्हारला शाळेत शिकलेलं मराठी बोलायचो, त्यामुळे सुरुवातीला मला ते टोचायचं. बाई म्हणाल्या, "तू म्हणतात म्हणजे घरचं समजतात. तुम्ही म्हणायला लागले की समज, आपलं काहीतरी चुकलं."

मोठ्या खोलीची मागची भिंत हे त्यांचं खरं दुखणं. डोंगराकडून पाणी मुरून ती पोटातून फुगली होती आणि वरच्या कोपऱ्यातून एक भेग स्लॅबमध्ये शिरली होती. बाईंनी त्या भिंतीपासून बरंच अलीकडे फरशीवर गेरूची रेघ मारली. रेघेपलीकडे कुणी बसायचं नाही, चेंडू गेला तरी आणायचा नाही. वर्ग त्यामुळे अर्धा झाला आणि पोरं दाटीनं बसायला लागली.

पायांनी ती रेघ रोज पुसली जायची. ती पुन्हा मारायचं काम तिसरीतल्या वनीनं आपणहून घेतलं होतं. वनी म्हणजे लक्ष्मण आणि जयाची मुलगी. गेरू भिजवून, जीभ दाताखाली धरून ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकत जायची. रेघ झाली की तिच्यावर एका पायावर उभी राहायची आणि बाईंना विचारायची, मी आत हाय का भायेर? बाई रागावायच्या. पण दुसऱ्या कुणाला रेघ मारू द्यायच्या नाहीत. एकदा वनी तापानं आली नाही, तर ते काम बाईंनी स्वतः केलं. सगुणाबाईनं लगेच ऐकवलं, तुझी रेघ वाकडी हाय, पोरीची सरळ असती.

बाई भिंतीबद्दल लिहायच्या, वर्षातून कितीतरी वेळा. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र, त्यातल्या शिक्षकांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप होता. त्यात सकाळपासून फुलं आणि सुविचार पडत. त्या फुलांच्या मध्ये बाईंचा भेगेचा फोटो. त्याला वरच्या साहेबांकडून हात जोडलेलं चित्र येई आणि पुन्हा फुलं सुरू. पाड्यावर नेटवर्क नाही, त्यामुळे फोटो पाठवायचा म्हणजे वरच्या खडकावर चढायचं, फोन हवेत धरून उभं राहायचं. मी म्हणायचो, बाई, कुणी बघत नाही, कशाला पाय दुखवता. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "पडल्यावर सगळ्यांनाच दिसतं. त्याला बाई कशाला लागते?"

त्या वर्षी पाऊस फार झाला. श्रावणात भेगेत माझं बोट जायला लागलं. बाईंनी ठरवलं, आता फोटो नाही, आता तालुक्याला रीतसर पत्र. शाळेचं, गावाचं, सगळ्यांच्या सह्यांचं. सह्यांसाठी पालकांना बोलावलं. त्या दिवशीचं बोलणं मला नीट आठवतं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आमच्याकडे भात कापून झालं, दिवाळी झाली की भट्टीवाल्यांचे ट्रक येतात. अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो तो पावसाच्या तोंडावर परततो. पोरं बरोबर गेली तर शाळा संपलीच. म्हणून त्या महिन्यांपुरतं शाळेतच वसतिगृह चालायचं. ज्यांचे आईबाप गेलेत ती पोरं शाळेत जेवायची आणि मोठ्या खोलीत, रेघेच्या अलीकडे निजायची. बाई आणि सगुणाबाई सोबतीला असायच्या. वनी आदल्या वर्षी तशीच राहिली होती.

सगळ्यांनी सह्या, अंगठे केले. लक्ष्मण मात्र उभाच राहिला. तो फार बोलणारा माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, कागुद माघून दे. पोरांना यंदा निजू दे. आम्ही पावसाला आलो का मग दे."

बाई म्हणाल्या, भिंतीला कळतं का, तू कधी येणार ते?

"भिंत इतकी वर्सा हायच."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "आणि बांधकामाचे साहेब बघायला आले तर दिवाळीपर्यंत दुरुस्त होईल. पोरं नव्या भिंतीशी निजतील. काळजी नको करूस."

लक्ष्मणनं अंगठा दिला. बाई सांगतायत म्हणून दिला.

साहेब आले गणपतीनंतर. चिखल तुडवत वर आले, दमले होते. बाईंनी स्वतः खुर्ची आतमध्ये नेली आणि बरोबर रेघेपलीकडे, भेगेच्या खाली ठेवली. साहेब बसले. सगुणाबाईनं चहा दिला. पोरं अलीकडे दाटीवाटीनं बसून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. साहेबांना काही कळेना. त्यांनी विचारलं, काय रे, असं काय बघताय? वनी उभी राहिली आणि म्हणाली, "तू रेघेच्या भायेर हायस."

साहेबांनी खाली बघितलं, मग वर बघितलं. चहाचा कप हातात तसाच घेऊन ते उठले आणि खुर्ची स्वतः उचलून पोरांमध्ये येऊन बसले. नंतर ते खूप हसले, आम्हीही. भला माणूस होता तो. त्यानं भिंत सगळीकडून तपासली, मोजमाप घेतलं आणि लिहून दिलं, खोली धोकादायक, वापरास अयोग्य. जाताना म्हणाला, बाई, दिवाळीपर्यंत काम लावतो.

त्या दिवशी सगुणाबाईनं नाचणीचे लाडू केले. बाईंनी वनीला जवळ बोलावलं आणि त्यांच्या हातातला रूळ तिच्या हातात दिला, घे, आज तू वाजव. मी बाईंना इतकं खूश त्याआधी बघितलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

दसरा झाला, भात कापून झालं, काम काही लागलं नाही. वसतिगृहासाठी दरवर्षी पाठवायचा तो प्रस्ताव मात्र परत आला. ज्या शाळेची खोली धोकादायक ठरली आहे तिथं मुलांना निवासी ठेवता येणार नाही. दुसरी सुरक्षित जागा असेल तर कळवावं.

बाई तो कागद घेऊन तालुक्याला गेल्या, मी बरोबर होतो. तिथले अधिकारी शांतपणे बोलले. म्हणाले, बाई, तुम्हीच लिहिलंत की भिंत कधीही पडेल. आता मी तिथं पोरं झोपवायला सही करू? उद्या काही झालं तर तुम्हीच मला विचाराल. तो माणूस बाईंचंच बोलत होता.

मग जागेचा शोध. छोट्या खोलीत तांदूळ आणि कपाटं, तिथं चार पोरं आडवी होत नव्हती. समाजमंदिर नाही. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं मागं राहणार होती त्यांच्याकडे बाई दारोदार गेल्या, एक पोर ठेव, दोन ठेव. काहींनी ठेवली. राहिली ती भट्टीवर जाणाऱ्यांची घरं. ती तर बंद होणार होती, आणि बंद घराचा विचार आमच्याकडे कुणी करत नाही. गेलेल्या माणसाच्या घराचं दार त्याच्यामागं उघडायचं नसतं. आत भाताची कणगी असते, देव असतो. दाराला दोरी बांधली की ते घर जणू नाहीच असं समजून लोक पुढून जातात. बाहेरचा शिक्षक असता तर त्यानं कदाचित विचारलंही असतं. बाई तिथल्याच मातीतल्या. त्यांच्या मनातही ते आलं नाही.

वनीच्या घरी म्हातारं माणूस नव्हतं. बाई लक्ष्मणला म्हणाल्या, हिला माझ्याकडे ठेव, माझ्या खोलीत राहील. लक्ष्मण म्हणाला, बघू. तिचा धाकटा भाऊ तेव्हा नुकता चालायला लागला होता, हातात न राहणारा. जया दिवसभर विटा थापणार, मग त्याच्यामागं कोण पळणार, हा त्यांचा घोर होता. वसतिगृह असतं तर लक्ष्मणनं वनीला ठेवलंच असतं. सरकारचं आहे, सगळी पोरं राहतात, तसं ती राहिली असती. पण एकट्या पोरीला बाईवर टाकायचं, हे त्याला जड वाटत होतं.

ट्रक आला त्या दिवशी बाई पुन्हा तालुक्याला गेल्या होत्या. निदान अंगणात मांडव घालून तरी परवानगी द्या, असं सांगायला. लक्ष्मण वर्गाच्या दाराशी आला. मी म्हणालो, बाई संध्याकाळी येतायत, तोवर थांब. तो म्हणाला, गाडीवाला थांबत नाय. वनीनं दप्तर घेतलं. जाताना फरशीकडे बघून तिनं मला सांगितलं, आजची रेघ मारली हाय.

बाई आल्या त्या दमून, चढणीचा दम लागलेला. विचारलं, कोण कोण गेलं? मी नावं सांगत गेलो. वनीचं नाव आलं तशा त्या पायरीवर बसल्या. बूट काढले, त्यातले खडे झटकले, पुन्हा बूट घातले, नाड्या घट्ट बांधल्या आणि परत उतरणीला लागल्या. ट्रक दुपारीच गेलेला होता, हे मी त्यांना सांगितलं होतं. तरी त्या रस्त्यापर्यंत जाऊन आल्या.

आमच्याकडे त्या महिन्यांत हजेरी घेताना गैरहजर पोराचं नाव आलं की बाकीची पोरं एका सुरात ओरडतात, "भट्टीवर!" खेळच असतो तो त्यांचा. वनीच्या नावाला ती तशीच ओरडायची.

थंडी सरत आली होती तेव्हा बातमी आली. भट्टीवर माती भिजवायला पाण्याचा मोठा खड्डा असतो. धाकटा त्याच्या काठाकडे पळाला, वनी त्याच्यामागं पळाली. तो काठावरच रडत बसलेला सापडला. एवढंच मला माहीत आहे. यापेक्षा जास्त मी कधी विचारलं नाही आणि इथं लिहिणारही नाही.

तिला पाड्यावर आणलं. बाई गेल्या, पण माणसांत गेल्या नाहीत. लांब, बांधाच्या वर उभ्या राहिल्या. सगळं झाल्यावर लक्ष्मण आपणहून त्यांच्याकडे चालत गेला. मला वाटलं आता काही बोलेल. बाईंनाही वाटलं असावं, त्या अगदी ताठ उभ्या होत्या. त्यानं विचारलं, "बाई, शाळेतला तिचा नाव तुम्हीच काढाल का मी यायला लागल?"

बाई म्हणाल्या, नको येऊस. मी बघते.

उतरताना त्या मला म्हणाल्या, "ऐकलंस ना? तुम्ही म्हणाला."

दुसऱ्या दिवशी हजेरी बाईंनीच घेतली. नाव अजून होतं आणि जिभेला सवय होती. त्यांनी ते उच्चारलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. वर्ग गप्प झाला. पहिलीतल्या एका पोराला काहीच ठाऊक नव्हतं. त्या शांततेत तो एकटाच ओरडला, "भट्टीवर!"

त्यानंतर बाईंनी रूळ कपाटावर ठेवला तो पुन्हा हातात घेतला नाही. शिकवायच्या मात्र पहिल्यासारख्याच, किंवा जास्तच. हापशाला गढूळ पाणी आलं, खोपीची वायर उघडी पडली, की मी सांगायचो, बाई, लिहायला पाहिजे. त्या म्हणायच्या, तू लिही. माझा हात नको त्याला. मी लिहायला बसलो की शेजारी उभ्या राहायच्या आणि प्रत्येक वेळी एकच विचारायच्या. "आणि पोरांचं काय? तोवर पोरं कुठं? ते आधी ठरव, मग लिही." मी कंटाळलो तरी विचारायच्या. आज मी मुख्याध्यापक आहे आणि कुठलाही कागद लिहिण्याआधी तो प्रश्न माझ्या कानात असतो.

भिंत तशीच होती. त्या पावसाळ्यात पडली नाही, पुढच्याही नाही. ती आजही उभी आहे. खोलीला कुलूप आहे, वर्ग व्हरांड्यात भरतो आणि भिंत उभी आहे.

एका जोराच्या पावसाच्या दुपारी पोरांना लवकर सोडलं होतं. बाई व्हरांड्यात त्या बंद खोलीच्या खिडकीशी बसून आत बघत होत्या. मी म्हणालो, बाई, इथं नका बसू, धोक्याचं आहे. त्या हलल्या नाहीत. माझ्याकडे न बघता बोलल्या.

"सोमनाथ, मी ती पडायची वाट बघते रे."

मी खिडकीतून आत बघितलं.

"पाऊस वाढला की वाटतं, आज पडेल. पडली म्हणजे निदान मी खोटी नव्हते. लक्ष्मणला सांगता येईल, बघ, पोरं असती तर सगळीच गेली असती. रोज येऊन बघते आणि ती उभीच असते." मग त्या म्हणाल्या, "जन्मभर जे पडू नये म्हणून मी रडले, ते पडावं म्हणून आता बसलेय. कसली बाई मी?"

मी शेजारी बसलो. पाऊस ओसरल्यावर दोघं निघालो.

पुढं त्या निवृत्त झाल्या. निरोप नको म्हणाल्या, पण पाड्यानं ऐकलं नाही. सगुणाबाईनं ओटी भरली आणि चेष्टा करायला गेली, आता तुझ्या नवऱ्याला कोण बघल, आणि ते तोंडातून निघाल्यावर स्वतःच रडायला लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं. जया आणि लक्ष्मण तेव्हा भट्टीवर होते. बाईंनी निरोपाचा दिवस मुद्दाम तसा धरला असावा असं मला वाटतं.

त्यानंतर त्या पोशेऱ्याला मुलाकडे राहिल्या. कुंभीपाड्याकडे फिरकल्या नाहीत. माझा फोन गेला की मुलगा घ्यायचा आणि आई शेतावर आहे म्हणून सांगायचा.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, मोखाड्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी. पोशेऱ्यावरून आमच्याकडे जाणारी जीप भरत होती. बाई मागच्या बाकावर बसलेल्या, मांडीवर पिशवी, केस बरेच पांढरे झालेले. मी टपावरचं सामान बांधू लागलो होतो, हाक मारणार इतक्यात जया आली. डोक्यावर गाठोडं, बोटाला धाकटा. तिनं पाय वर ठेवला आणि समोर बाई दिसल्या. मग जया आत शिरली, पोराला मांडीवर घेतलं, अंग चोरून सरकली आणि शेजारच्या जागेवर हात ठेवला. ती बाईंना म्हणाली, "अशी ये, बाई. तिथं ऊन लागल."

बाई उठल्या. मला वाटलं, सरकतायत. पण त्या दुसऱ्या बाजूनं खाली उतरल्या. ड्रायव्हरला म्हणाल्या, गर्दी आहे, मी मागच्या गाडीनं येते. गर्दी नव्हती. मी आत बसलो. जीप सुटली तेव्हा त्या टपरीच्या सावलीत, रस्त्याकडे पाठ करून उभ्या होत्या. जयाचा हात त्या मोकळ्या जागेवर चढण लागेपर्यंत तसाच होता.

या दिवाळीनंतर मी बाईंना पत्र लिहिलं. पोशेऱ्याला जाणाऱ्या एका शिक्षकाच्या हाती दिलं. मिळालं, एवढं त्यांच्या मुलानं कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. पत्र असं होतं.

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही फोनवर येत नाही म्हणून लिहितो आहे. वाचून झाल्यावर रागावलात तरी चालेल.

आपल्या शाळेत यंदा वसतिगृह पुन्हा सुरू झालं आहे. ते कसं झालं हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटलं.

तालुक्याचं म्हणणं जुनंच होतं, सुरक्षित जागा दाखवा. तुम्ही शिकवलंत तसं मी काहीही लिहिण्याआधी पालकांना अंगणात बोलावलं आणि विचारलं, पोरं कुठं निजतील? मग लक्ष्मण उठला. तो म्हणाला, "आमचा घर रिकामाच राहतो. पोरा तिथं निजू दे."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. आपल्याकडे हे कुणी करत नाही, तुम्हाला मी काय सांगायचं. सगुणाबाईनं विचारलं, आणि देवाचं काय? तेव्हा जया म्हणाली, "देव काय पोरांना नको म्हणल?"

कणगी त्यांनी एका बाजूला सरकवून दिली. घर कुडाचं आहे, तरी मी तुमच्या रुळानं चारी बाजूंनी ठोकून बघितलं. आढ्याचं लाकूड नवं आहे, मेढीचे खांब घट्ट आहेत. सोबतीला सगुणाबाई असते. गेल्या आठवड्यात ट्रक आले आणि गेले. यंदा पहिली ते चौथीतलं एकही पोर त्यात नव्हतं.

वनीचा भाऊ पहिलीत आला आहे. तोही राहिला. निजायच्या वेळी कुणी कुठं पडायचं हे तोच ठरवतो, कारण घर त्याचं आहे. मोठ्या पोरांशी त्यावरून भांडतो. वाचनात जरा मागं आहे. जोडाक्षरं आली की थांबतो.

बाई, मी तुम्हाला खोटं लिहिणार नाही. तो कागद गेला नसता तर वनी त्या वर्षी शाळेत राहिली असती. हे तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे, आणि त्या दोघांनाही आहे. मी त्यावर पुष्कळ विचार केला आणि तरीही तुमच्या जागी असतो तर तो कागद मीही दिला असता. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही. तुम्ही एकट्यानं त्या धरून बसू नयेत, एवढंच वाटतं.

निघताना जयानं माझ्याकडे निरोप दिला. तो जसाच्या तसा लिहितो. "बाईला सांग, गाडीत जागा होती."

ते लोक पावसाच्या तोंडावर परत येतील.

तुमचा,
सोमनाथ